अँडीजच्या पायथ्याशी एक मैफल

१/ ‘कलावंतांनी कला सांभाळावी, मानवाधिकारांची उठाठेव करू नये’ असा शेरा आपल्याकडे वारंवार कानी पडतो. त्यावर वाद घालण्यापूर्वी १४ ऑक्टोबर १९८८ ची रात्र पाहू. स्थळ : मेंदोसा, अर्जेंटिना. #थ्रेड

२/ मानवाधिकारांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या चाळिशीनिमित्त अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्या वर्षी जगभर २० मैफली योजल्या. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू एन्दूर यांचा हा ताफा ३० सप्टेंबरला दिल्लीतही गाऊन गेला. (खर्चाचा भार बूट विकणाऱ्या रीबॉकच्या प्रतिष्ठानाने उचलला, हे मला आजही खटकते. असो.)

३/ पिनोशेच्या चिलीत अशी मैफल अशक्य होती. म्हणून सीमेलगतचे मेंदोसा. चिलीतील तरुण अँडीज ओलांडून तेथे पोहोचले. मंचावर ‘इंती-इल्लिमानी’ही होते. १९७३ च्या लष्करी उठावाच्या वेळी हा वाद्यवृंद युरोपात होता आणि पुढची पंधरा वर्षे त्याला मायदेशाचे दार बंद राहिले.

४/ ‘क्वेका’ हे चिलीचे युगुलनृत्य. ज्यांचे पती, पुत्र राजवटीने ‘बेपत्ता’ केले, त्या स्त्रिया त्यांची छायाचित्रे छातीशी लावून ते एकट्याच नाचत. स्टिंगचे १९८७ चे ‘दे डान्स अलोन’ हे गीत त्यांच्याविषयीच आहे.

५/ गाण्याने हुकूमशाही पाडली, असे मात्र कृपया लिहू नका. पिनोशेविरुद्ध कौल देणारे सार्वमत ५ ऑक्टोबरला, म्हणजे मैफलीच्या नऊ दिवस आधीच झाले होते. ते जिंकले चिलीच्या मतदारांनी.

६/ मग कलावंतांनी केले काय? माणूस ‘बेपत्ता’ करण्यामागचा हेतूच असा की, प्रेत नाही, खटला नाही, नोंदही नाही. मानवाधिकार संघटना नाव, तारीख, ठिकाण टिपत राहतात. काम रूक्ष, वाचक मोजके. गायक आपली लोकप्रियता त्या यादीला उसनी देतो. माझ्या मते एवढेच त्याचे कर्तव्य, आणि ते लहान नाही.

७/ मार्च १९९० मध्ये पिनोशे राष्ट्राध्यक्षपदावरून गेला. त्याच ऑक्टोबरात अ‍ॅम्नेस्टीची मैफल सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये झाली. १९७३ मध्ये तेथेच कैदी डांबून त्यांचा छळ केला गेला होता. जाता जाता : गायक व्हिक्टर हारा याच स्टेडियममध्ये मारला गेला, असे अनेकदा लिहिले जाते. ते चूक आहे. ते ठिकाण म्हणजे ‘एस्तादिओ चिले’ हे निराळे क्रीडागृह. आज त्याला हाराचेच नाव आहे.