गर्दी कोण करतं?

परवा फोनमधली जागा संपली म्हणून जुने फोटो डिलीट करत बसलो होतो. शनिवार दुपार, बाहेर ऊन, दुसरा उद्योग नाही. त्यात ऑगस्ट २०२० मधला एक फोटो सापडला. धडगावचा रस्ता, पाऊस आणि एका काळीपिवळी जीपला लटकलेली माणसं. खाली मीच ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेली ओळ: "अशा लोकांमुळेच कोरोना जात नाही." त्यावर सतरा अंगठे. एका सिनिअरने तर "सो ट्रू" असंही लिहिलं होतं.

फोटो डिलीट केला नाही. कारण तो काढल्यावर बरोबर तीन तासांनी मी स्वतः तसल्याच एका जीपमध्ये बसलो होतो. ते मात्र ग्रुपवर टाकलं नव्हतं!

झालं असं, की तेव्हा मी नोकरीला नवा होतो. लॉकडाऊन लागला आणि लॅपटॉप घेऊन पुण्याहून शहाद्याला घरी आलो. आजी धडगावला आत्याकडे अडकलेली. तिच्या बीपीच्या गोळ्या द्यायला मित्राची बाईक घेऊन गेलो आणि येताना क्लचची वायर तुटली. गॅरेजवाला म्हणाला, उद्या या. मग स्टँडवर आलो. गाडी लागलेली होती, पण तेव्हा निम्म्याच सीट भरायचा नियम होता. कंडक्टरने बावीस माणसं मोजली आणि दार लावलं. त्या बिचाऱ्याची काही चूक नाही, नियम होता. उरलेले आम्ही सगळे बाहेर. पुढची गाडी कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मग जीप आली. "सरक ना भाऊ, आखो दोन जण बसतीन!" नऊ-दहा जणांच्या जीपमध्ये मी मोजले, एकोणीस. पावसामुळे बाजूचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडलेले. हवा यायला फट नाही. माझ्या शेजारचा माणूस सारखा खोकत होता. न राहवून विचारलं, "दादा, बरं नाही तर घरी का नाही थांबत?" तो शांतपणे म्हणाला, "घरी थांबलो तर मजुरी कोण देईल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही.

आता मी पडलो इंजिनिअर. भावना बाजूला ठेवून हिशेब करू. समजा सकाळी ८८ माणसांना शहाद्याला जायचंय आणि ४४ सीटच्या दोन गाड्या आहेत. तुम्ही नियम केलात, प्रत्येक गाडीत २२. गाड्या मात्र दोनच ठेवल्यात. मग उरलेली ४४ माणसं गेली कुठे? ती हवेत विरत नाहीत. कुणाला दवाखान्यात जायचंय, कुणाला बाजारात मिरची विकायचीय, कुणाला मजुरीवर पोचायचंय. ती तीन जीपांमध्ये जातात. म्हणजे उघड्या खिडक्यांच्या, उंच छताच्या गाडीतून माणसं काढून तुम्ही ती ताडपत्रीच्या डब्यात कोंबलीत. कागदावर गर्दी निम्मी झाली, प्रत्यक्षात दुप्पट दाट झाली. आमच्या कामात असला कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्येच त्याची पूजा बांधली जाते. सर्व्हरची क्षमता निम्मी करायची, सर्व्हर वाढवायचे नाहीत आणि वर म्हणायचं की युजरना शिस्त नाही!

मे २०२० मध्ये जिल्ह्यांतर्गत एसटी निम्म्या सीटवर सुरू झाली, २० ऑगस्टपासून आंतरजिल्हा. सप्टेंबरमध्ये पूर्ण क्षमतेने वाहतुकीला परवानगी मिळाली. या सगळ्या काळात चर्चा चालली ती सीटवरच्या फुलीची. फेऱ्या दुप्पट करायची चर्चा मी तरी ऐकली नाही.

गंमत म्हणजे ज्या लालपरीला आपण खडखडाट म्हणून हसतो, तीच या रोगात बऱ्यापैकी शहाणी गाडी होती. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतात एक बस देवदर्शनाला गेली होती. आत ६८ माणसं, तीच हवा आत फिरवणारा एसी. एका बाधित प्रवाशामुळे २३ जणांना लागण झाली, पार लांबच्या रांगांतल्यांनासुद्धा. उघडता येणाऱ्या खिडक्यांजवळचे बहुतेक वाचले. जपान सरकारने तर सुरुवातीपासून तीन गोष्टी टाळायला सांगितल्या: बंद जागा, दाट गर्दी, जवळून बोलणं. यातली पहिली गोष्ट आपण विसरलो. आपण हँडल पुसत बसलो, सॅनिटायझर फवारत बसलो आणि पडदे खालीच ठेवले.

आमच्या नवापूरचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला, २०२१ मध्ये पुन्हा आला. लाखो कोंबड्या मारल्या. तेव्हा सगळ्यांना लगेच कळलं की एका शेडमध्ये इतके पक्षी दाटीवाटीने असले की रोग पसरणारच. "कोंबड्यांना शिस्तच नाही" असं कुणी म्हटलं नाही. कोंबडीला जो न्याय, तो माणसाला का नाही?

मुंबईकरांनी हसू नये. लोकलच्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असं छानसं नाव आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं! ज्या गोष्टीला प्रशासन नाव देतं, ती अपघाताने होत नसते. ती गृहीत धरलेली असते.

कुणी म्हणेल, बावीस माणसांत डिझेलसुद्धा निघत नाही, एसटीने फेऱ्या वाढवायच्या कशा? मुद्दा बरोबर आहे. कर्मचाऱ्यांचे पगार तेव्हा रखडले होते आणि २०२१ च्या शेवटी जो संप झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. म्हणूनच तो खर्च तिकिटातून काढायचाच नव्हता. महामारीत जादा फेरी हा आरोग्याचा खर्च आहे, ऑक्सिजनसारखाच. आपल्याच नंदुरबार जिल्ह्याने ऑक्सिजन प्लांट वेळेत उभारले म्हणून २०२१ मध्ये देशभर कौतुक झालं. म्हणजे आधी विचार करता येतो. तो फुप्फुसाच्या अलीकडे, गाडीपर्यंत, का आला नाही?

उलट झालं काय? रेल्वेने पॅसेंजर गाड्या बंद केल्या, नंतर 'स्पेशल' म्हणून सोडल्या, आणि १० रुपयांचं किमान तिकीट ३० रुपये केलं. सुरत-भुसावळ लाईनवर ऊसतोडीला आणि मजुरीला जाणाऱ्या माणसाने ते भरलं. पूर्वीचं भाडं परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. एसटीकडे महामारीआधी अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या बऱ्याच कमी झाल्या. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, प्रवासी वाढले. पण प्रवासी जास्त आणि गाड्या कमी, म्हणजे पुढच्या साथीची तयारी आपण पूर्ण केली आहे म्हणायची!

त्या दिवशी घरी पोचलो आणि सरळ गच्चीवरच्या खोलीत गेलो. वडिलांना शुगर. चौदा दिवस आई दारात ताट ठेवायची, मी वरूनच कॉल घ्यायचो. सुदैवाने काही झालं नाही. पण त्या खोकणाऱ्या दादाच्या घरी गच्चीवरची खोली असेल का? शिस्त शिस्त म्हणून आपण जे मिरवतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे एक जास्तीची खोली, एक लॅपटॉप आणि महिन्याच्या शेवटी न चुकता येणारा पगार असतो.

म्हणून एकच विनंती. पुढच्या वेळी (आणि पुढची वेळ येणार आहे) गर्दीचा फोटो काढाल, तेव्हा माणसं मोजू नका. मागची गाडी किती वाजता आहे, ते विचारा. आणि उत्तर मिळालं नाही, तर "अशा लोकांमुळेच" हे वाक्य नेमकं कुणाबद्दल आहे त्याचा विचार करा.

तो फोटो ठेवलाय. बाकीचे चारशे डिलीट केले.