विश्लेषण : सत्तरीनंतर रक्ताचा कर्करोग, उपचार वय पाहून ठरवायचे की तब्येत?

अकोल्याच्या जठारपेठेत पंचाहत्तरीचे दोन शेजारी आहेत, असे समजा. एक जण बाजारहाट आणि बँकेची कामे स्वतः करतो. दुसऱ्याला जिना चढायलाही आधार लागतो. दोघांनाही रक्ताचा कर्करोग झाला, तर उपचार सारखेच द्यायचे का? ‘या वयात केमो कशाला?’ म्हणणे पहिल्यावर अन्याय ठरेल, तर पूर्ण मात्रा देणे दुसऱ्याच्या जिवावर बेतेल.

निदान उशिरा का होते?
मल्टिपल मायलोमा, तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हे मुख्यतः उतारवयाचे आजार. थकवा, कंबरदुखी, कमी झालेले हिमोग्लोबिन ही त्यांची लक्षणे. घरात मात्र ती ‘वयोमानाने’ म्हणून सोडून दिली जातात.

वार्धक्य-मूल्यमापन म्हणजे काय?
रुग्ण अंघोळ, कपडे, औषधे, पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळतो का, वर्षभरात पडला का, वजन घटले का, स्मरणशक्ती आणि मन कसे आहे, इतर आजार व रोजच्या गोळ्या किती, घरी सोबत कोण, याची पद्धतशीर नोंद. शिवाय चालण्याचा वेग. चार मीटर चालायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर डॉक्टरांनी सावध व्हावे.

याला आधार काय?
रक्ताचा कर्करोग झालेल्या 75 वर्षांवरील 448 रुग्णांचा अमेरिकी अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. चालण्याचा वेग सेकंदाला दर 0.1 मीटरने कमी, तसा मृत्यूचा धोका सुमारे 20 टक्क्यांनी जास्त, असे त्यात दिसले. 2021 मधील दुसऱ्या चाचणीत सत्तरीपुढील कर्करुग्णांचे असे मूल्यमापन डॉक्टरांच्या हाती दिल्यावर गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण 71 वरून 51 टक्क्यांवर आले. आयुर्मान मात्र घटले नाही. या चाचणीत लिम्फोमाचे रुग्णही होते.

एकदाच तपासले की झाले?
नाही. मायलोमात हाडे दुखतात, रक्त कमी होते, म्हणून माणूस खचलेला दिसतो. उपचार लागू पडले की तोच पुन्हा चालू-फिरू लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशीचा ‘अशक्त’ हा शिक्का कायमचा मानू नये. ठरावीक काळाने पुन्हा तपासावे.

अकोल्यात काय व्हावे?
मुंबईच्या टाटा रुग्णालयात ज्येष्ठ कर्करुग्णांसाठी 2018 पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पण वऱ्हाडातल्या प्रत्येक वृद्धाला मुंबई किंवा अडीचशे किलोमीटरवरचे नागपूर गाठता येत नाही. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. घड्याळ, प्रश्नावली आणि प्रशिक्षित परिचारिकेचा अर्धा-पाऊण तास पुरतो. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने ती नेमाने करावी. सत्तरीपुढील सर्वांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे कवच आहे. खर्चाची सोय होत असताना निर्णय अंदाजाने घेणे परवडणारे नाही.

नातेवाइकांनीही सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी आणि ‘केमो सुरू करण्याआधी यांची ताकद तपासली का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. रुग्णाला काय हवे, हेही त्याच्यासमोरच बोलावे. निर्णय त्याच्याच आयुष्याचा आहे.