नळीतला प्रवास

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपली एक जुनी म्हण आहे. ती शिकवताना मला नेहमी वाटते, की तिने सगळा दोष आडाच्या माथी मारला आणि दोराला मोकळे सोडले. आडात पुष्कळ असते, पण पोहऱ्यात भलतेच येते, याची उदाहरणे संसारात काय थोडी आहेत? खरी गोम पुष्कळदा मधल्या वाटेत असते.

या गोष्टीचा उत्तम पाठ सापडतो, सांगायला जरा संकोच वाटतो, बिअरच्या नळीत. माजघरातील मंडळींनी रागावू नये. आमच्या यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि चकल्या-अनारशांच्या ताटाशेजारी कुणी तो पेला मांडावा असा माझा मुळीच आग्रह नाही. मला कौतुक आहे ते नळीचे.

मोठ्या उपाहारगृहात बिअरची पिंपे तळघरातल्या थंड खोलीत असतात आणि तोटी असते वरच्या मजल्यावर, शंभर फुटांवर. बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो. वाटेत ती जराशी तापली, किंवा दाब कमी पडला, की वायू सुटतो आणि पेल्यात नुसता फेस उतरतो. म्हणून आखणी करणारा आधी जमाखर्च मांडतो. पाव इंची नळीत घर्षणापायी फुटामागे सुमारे ०.३ पौंड दाब खर्च होतो, म्हणजे शंभर फुटांत ३०. नळी किंचित रुंद, ५/१६ इंची घेतली, की तोच खर्च १० वर येतो. शिवाय दर दोन फूट चढणीला सुमारे एक पौंड. दहा फूट चढण असली तर एकूण झाले १५. एवढा रेटा नुसत्या कार्बन डायऑक्साइडने द्यावा, तर बिअर तो वायू आणखी पिऊन बसते. म्हणून त्यात सहसा न विरघळणारा नायट्रोजन मिसळतात. नळ्यांची मोळी बांधून तिच्यात ग्लायकॉल मिसळलेले गार पाणी खेळवतात आणि वरून जाड वेष्टन घालतात. पिंपात जो ३ अंशांचा गारवा, तोच तोटीशी. आणि दर पंधरवड्याला साऱ्या नळ्या क्षाराच्या पाण्याने धुवायच्या, नाही तर आत बुरशी धरते. सुनेचे पहिले बाळंतपणही इतक्या निगुतीने होत नसेल!

ही हाताने ओढायच्या बिअरपंपाची युक्ती इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९७ मध्ये नोंदवली. त्याच गृहस्थाने १७७८ मध्ये पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचेही पेटंट घेतले होते. आत येणारे आणि बाहेर जाणारे, दोन्ही प्रवाह एकाच डोक्याने सांभाळले म्हणायचे.

आता २०१६ साल आठवा. त्या वर्षी बेल्जियममधल्या ब्रूज शहरात एका बिअर कारखान्याने जुन्या रस्त्यांखालून सुमारे तीन किलोमीटरची बिअरची नळी घातली. मोठ्या देणगीदारांना जन्मभर बिअर देऊ केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी तीनशेहून अधिक किलोमीटर धावून तहानलेल्या लातुरात पोचली. आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी ६० टक्क्यांनी कमी करायला लावले. पिण्याचे पाणी आधी, हे न्यायालयाला सांगावे लागले.

पण आड भरला म्हणजे काम झाले, असे मानण्याची खोड आपली गेलेली नाही. धरण भरले की आपण पेढे वाटतो. मधल्या नळाकडे कोण पाहतो? गावोगावी पाणी दिवसातून तास-दोन तास, कुठे दोन-चार दिवसांआड येते. एरवी नळ रिकामा असतो. भरलेल्या नळाला चीर असली तर पाणी बाहेर गळते, हे नुकसान झाले. पण रिकामा होताना तोच नळ त्याच चिरेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढतो, आणि हा रोग झाला. शुद्धीकरण केंद्रात निर्मळ असलेले पाणी गल्लीच्या टोकाच्या घरी पोचेपर्यंत कावीळ आणि हगवण बरोबर घेऊन येते. पाण्याचा राखणदार म्हणजे दाब. तो चोवीस तास हवा. कराडजवळच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले, म्हणजे हे काही आकाशातले फूल नव्हे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले, तेव्हा त्या भुयारी वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. नळाला श्वास लागतो आणि त्यात डोकावून पाहणारा माणूसही लागतो, हे अठराव्या शतकात ठाऊक होते.

म्हणून यंदा नगरसेवक दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला आले, की त्यांना करंजी द्या आणि दोन प्रश्न विचारा. आमच्या गल्लीतल्या शेवटच्या तोटीशी पाण्यात क्लोरीन किती उरतो? लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवा, असे भारतीय मानक सांगते. आणि आमचा नळ शेवटचा कधी धुतला? चैनीच्या पेल्यामागे पंधरवड्याचा नेम पाळला जातो; लेकराच्या पाण्याच्या पेल्यामागे निदान वर्षाचा तरी पाळला जावा, एवढेच मागणे आहे.