कवटीतल्या रिकाम्या जागा

डोळ्यांत औषधाचे थेंब घातले की थोड्या वेळाने घशाशी कडवट चव येते, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. औषध घातले डोळ्यात, ते घशात कसे पोचले? हा प्रश्न मी अकरावीच्या वर्गात विचारतो तेव्हा मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. कवटीत हाडे किती, असे विचारले तर मात्र '२२' हे उत्तर चटकन येते. मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४. माझी तक्रार आहे ती इथेच. शाळेत आपण कवटीची हाडे शिकवतो, तिच्यातल्या रिकाम्या जागा शिकवत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. दुसऱ्याच्या विषयात नाक खुपसू नये, हे मला कळते. पण इथे विषयच नाकाचा आहे!

आमच्या मालाडहून दोन स्थानके पुढे बोरिवली, आणि तिथून जंगलातून वर गेले की कान्हेरीची लेणी. कान्हेरी पाहून आलेला माणूस डोंगरात दगड किती आहे ते सांगत बसत नाही. लेणी शंभरावर आहेत, पायऱ्या कुठून कुठे जातात, पावसाचे पाणी कोणत्या चरातून कोणत्या टाक्यात उतरते, हे तो सांगतो. कवटीही अशीच पाहायला हवी. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या कवटीत नाकाची जागा नुसती काळ्या रंगाने रंगवलेली मी पाहिली आहे. म्हणजे लेण्याच्या दारावरच भिंत!

डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक गळते ते तिच्यामुळे, आणि औषध घशात जाते तेही तिच्यातूनच. दुसरी नळी कानाच्या पडद्यामागून घशाच्या वरच्या भागात येते. तिची ओळख खंडाळ्याच्या घाटात होते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ७० ग्रॅम वजनाचा फरक. तो पडद्यावर पडला की कानांना दडे बसतात. आवंढा गिळला की नळी क्षणभर उघडते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि कान मोकळा होतो.

आता गालाच्या आत चला. डोळ्याच्या खाली आणि वरच्या दाढांच्या वर, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. आपण जिला सायनस म्हणतो तिच्यातली ही सर्वांत मोठी. लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्येच तिचे चित्र काढले होते. नॅथॅनिएल हायमोर ह्या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये तिचे वर्णन केले. मोठ्या माणसाच्या ह्या पोकळीत सुमारे १५ घन सेंटिमीटर हवा मावते. गंमत अशी, की नाकात उघडणारे तिचे भोक तळाशी नाही, छताजवळ आहे. अशी पाण्याची टाकी आमच्या सोसायटीत कोणी बांधली असती तर त्या मिस्त्रीचा सर्वांनी उद्धार केला असता! मग आतला चिकट द्रव बाहेर कसा पडतो? अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून तो द्रव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर ढकलते. सर्दीत अस्तर सुजते, भोक बुजते, आणि खाली वाकले की गाल ठणकतो. पोकळीचा तळ आणि दाढांची मुळे ह्यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा तेवढा असतो. म्हणून सायनसचे दुखणे दाढदुखीसारखे वाटते, आणि किडलेल्या दाढेचा पू कधीकधी वर सायनसमध्ये शिरतो.

ह्या पोकळीच्याही मागे, खूप आत, एक फट आहे. तिचे नाव अवघड आहे : टेरिगोपॅलाटाइन फॉसा. आकार म्हणाल तर दोन-एक चिंचोके कसेबसे मावतील एवढा. पण तिच्यातून वाटा फुटतात नाकाकडे, डोळ्याच्या खोबणीकडे, टाळूकडे, गालामागच्या चावण्याच्या स्नायूंकडे आणि थेट कवटीच्या आत. चेहऱ्यातले दादर स्टेशनच म्हणा ना! गाल, वरचे दात आणि टाळू ह्यांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी मज्जा ह्याच जंक्शनातून जाते.

हे मला माहीत नव्हते. ते कळले २०२१ च्या मे महिन्यात.

आमच्या मजल्यावरचे एक काका करोनातून बरे होऊन नुकतेच घरी आले होते. मधुमेह जुना, त्यात उपचारासाठी स्टिरॉइड दिलेली, त्यामुळे साखर फार वाढलेली. एका सकाळी म्हणाले, "सर, डावा गाल बधिर लागतोय. वरची दाढही हलतेय." मी म्हणालो, "दाढेचंच असेल काका. लवंगेचं तेल लावा, दवाखान्यातली गर्दी जरा ओसरू दे." चार दिवस गेले. पाचव्या दिवशी डोळ्याखाली सूज आली आणि टाळूवर काळा डाग दिसला.

तो म्युकरमायकोसिस होता, ज्याला वर्तमानपत्रांनी 'काळी बुरशी' म्हटले. खरे तर बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्या बुजवते, रक्ताविना मांस मरते आणि मेलेले मांस काळे दिसते. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. बुरशी नाकातून शिरते, सायनसमध्ये जाते, त्या जंक्शनात पोचते आणि तिथून डोळा, टाळू, मेंदू असा कोणताही रस्ता धरते. त्या वर्षी महाराष्ट्रात ह्या रोगाचे हजारो रुग्ण झाले. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, आणि अनेक जण वाचले नाहीत. बधिर गाल आणि हलणारी दाढ ही मला दोन वेगळी दुखणी वाटली होती. ती एकाच गल्लीत उघडणारी दोन दारे होती.

काकांच्या सीटी स्कॅनमध्ये डावी पोकळी हवेने काळी दिसायच्या ऐवजी करडी भरलेली दिसत होती. ह्या यंत्रामागचे गणित अ‍ॅलन कॉरमॅक ह्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने १९६३-६४ मध्ये मांडले, आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्डबरोबर त्याला वैद्यकाचे नोबेल मिळाले. हे मी दरवर्षी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत आलो होतो. त्या चित्रात काय दिसते, हे मात्र मी कधी नीट पाहिले नव्हते.

शिक्षक मित्र म्हणतील, अभ्यासक्रम आधीच फुगलेला आहे, आणि हे डॉक्टरांचे काम आहे. उपचार डॉक्टरांनीच करायचे, ह्यात शंका नाही. पण डॉक्टरांकडे आज जायचे की चार दिवसांनी, हे घरातली माणसे ठरवतात. प्रत्येक सर्दीला भ्यावे असे मी म्हणत नाही. बहुतेक सर्द्या आपोआप बऱ्या होतात. मी मागतो आहे फक्त एक तास. हाडांच्या यादीचे पाठांतर थोडे कमी करा आणि त्या तासाला मुलांकडून मातीची कवटी करवून घ्या. तिच्यात पपईच्या देठांच्या नळ्या खोचा आणि डोळ्याच्या भोकातून रंगीत पाणी ओता. ते कुठून बाहेर येते, ते मुलेच शोधून काढतील.

काकांचा डोळा वाचला. टाळूचा डावा भाग आणि जबड्याचा तुकडा काढावा लागला. आता ते तिथे कवळीसारखी पट्टी बसवतात. तुम्ही नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणून पाहा, 'बाबा'सारखे ऐकू येईल, कारण 'म' म्हणताना हवा नाकातून जावी लागते. काकांचे नेमके उलटे होते. पट्टी काढली की तोंडातली हवा टाळूच्या भोकातून नाकात निसटते, आणि त्यांनी 'बाबा' म्हटले तर 'मामा' ऐकू येते. जिन्यात भेटणाऱ्या मुलांना ते स्वतःच हा प्रयोग करून दाखवतात. मुले विचारतात, "आजोबा, भोक कुठून कुठे जातं?" आणि काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ते आता सरांना विचारा."