आरी ज्याची, आराखडा त्याचा

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली, तेव्हा मूळ मान्य केले. त्या दिवसांत ज्यांच्या अस्मितेला भरते आले, त्यांपैकी किती जण सुभाषनगरात जाऊन एका जोडामागे मजुरी काय पडते, हे विचारून आले? डिसेंबरात करार जाहीर झाला. दोन हजार जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो. अस्मिता शमली; मजुरीचा प्रश्न होता तेथेच आहे.

कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र व कर्नाटकच्या दोन सरकारी महामंडळांच्या नावे. कारागिराला फार तर 'अधिकृत वापरकर्ता' होता येते. आपल्याच विद्येचा वापरकर्ता!

हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्यातले जाड अंग तळाला, मऊ अंग पट्ट्याला, हे रापी चालवण्याआधी ठरवावे लागते. खिळा न मारता वादीने शिवण घालायची, तीही झिजेल कोठे याचा अदमास घेऊन. वेणी बहुधा घरातली स्त्री विणते, तिची तर गणतीच नाही. या सर्व विचाराला आपण 'परंपरा' म्हणतो आणि वातानुकूलित खोलीत कागदावर रेघ ओढणाऱ्याला 'डिझायनर'. हा भेद कौशल्याचा नाही; जातीचा आहे, आणि तो मोडण्याची भाषा करणारे आपणही तो बिनदिक्कत वापरतो.

चपलेचा घाट जुना, म्हणून २००० च्या आराखडा कायद्याखाली तो कोणाच्याही नावे नोंदता येत नाही. परंतु त्याच कातड्याची, त्याच वेणीची नवी बॅग कारागिराने स्वतः आखली, तर तिची नोंद होऊ शकते. दहा वर्षे, पुढे आणखी पाच, तिच्यावर त्याचा हक्क राहतो. शिवाय चपलेचा धंदा पावसाळ्यात बसतो. बॅगेला चिखल तुडवावा लागत नाही.

यावर व्यापारी म्हणतात, कारागिराला बाजार कळत नाही. मग कापशीपासून कुरुंदवाडीपर्यंतचे घाट इतकी वर्षे खपले, ते कोणाच्या अकलेवर? खरी अडचण भांडवलाची आहे. नमुने करून पाहण्यात कातडे वाया जाते, दिवसाची मजुरी बुडते, आणि ती जोखीम उक्त्या कामावर जगणारा माणूस एकट्याने घेऊ शकत नाही.

म्हणून साथींनी मोर्चाच्या मागण्यांत हे घालावे: नमुन्यांसाठी कातडे व बुडीत मजुरी महामंडळाने द्यावी, नोंदणी कारागिरांच्या सहकारी संस्थेच्या नावे व्हावी, आणि आखणाऱ्याचे, विणणारीचे नाव संस्थेच्या दप्तरात चढावे, यापुढील प्रत्येक करारात मजुरीखेरीज विक्रीतला हिस्सा लिहून घ्यावा. झालेल्या करारात कारागिराच्या पदरी नेमके काय पडते, ते दोन्ही महामंडळांनी मराठीत आणि कानडीत छापून वस्तीत लावावे.