कळ दाबली की झालं?

गेल्या वर्षी गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका ठरवायला सांस्कृतिक समिती आमच्या बेसमेंटमध्ये जमली होती. चहा, चिवडा आणि नेहमीप्रमाणे साडेतीन तासांच्या कार्यक्रमासाठी सहा तासांचे अर्ज! त्यात एक अर्ज सतरा वर्षांच्या मुलाचा होता. 'इलेक्ट्रॉनिक संगीत, स्वतःची रचना, १२ मिनिटे. साहित्य : लॅपटॉप व छोटा कीबोर्ड.' कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हा कळ दाबणार आणि मान हलवत उभा राहणार. त्यापेक्षा आपणच पेनड्राइव्ह लावू." सगळे हसले. मीही हसलो, आणि नकारासाठी हातही वर केला. त्या १२ मिनिटांत आम्ही काय घेतलं? तीन जुनी गाणी, कॅराओके ट्रॅकवर!

तेव्हा या लेखातलं भांडण जितकं समितीशी आहे, तितकंच माझ्याशीही आहे.

मंडळी, मी स्वतः वीस वर्षं पोटासाठी कळाच दाबतो आहे. २००३ साली एम.एस. करायला मिशिगनला आलो आणि तेव्हापासून गाड्यांच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर दुरुस्त करतो. नागपूरची काकू अजून विचारते, "सगळं कॉम्प्युटरच करतो ना रे? मग तू काय करतोस?" तिचा मला राग येतो. आणि तेच वाक्य मी एका पोराला ऐकवलं.

आपल्याच मुंबईचं एक उदाहरण सांगतो. चरणजीतसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. गिटार, बेस गिटार, कीबोर्ड, जे समोर येईल ते वाजवायचे. संगीतकारांची नावं पडद्यावर यायची, वादकांची नाही. या माणसानं सिंगापूरहून रोलँड कंपनीची यंत्रं आणली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी डबी. मग १९८२ साली त्यांनी भैरवी, ललत, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधून एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रित केले. रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या फ्यूचर या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आली, त्याच टीबी-३०३ वर केलेली, आणि जगाला एक नवा संगीतप्रकार मिळाला. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण २०१० साली चरणजीतसिंगांची रेकॉर्ड हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस मग युरोपात जाऊन वाजवून आला. २०१५ साली मुंबईत वारला.

आता त्या डबीविषयी थोडं. टीबी-३०३ एकट्यानं सराव करणाऱ्यांसाठी होती, बेस वाजवायला साथीदार नसेल तर त्याच्या जागी. त्या कामाला ती अगदीच कुचकामी ठरली. तीन-चार वर्षांत उत्पादनही बंद झालं. पण तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे स्लाइड, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय. आपल्या मींडेची दूरची, जराशी हेंगाडी मावशीच म्हणा. दुसरी म्हणजे फिल्टरची बटणं. सूर तेच ठेवून ती फिरवत गेलं, की आवाज कधी घशात अडकतो, कधी किंचाळतो. कंपनीनं जे योजलंच नव्हतं ते यंत्रातून काढणं, हे कळ दाबणाऱ्याचं काम नव्हे. यमनाचं चलन बोटांत मुरलेलं असल्याशिवाय चरणजीतसिंगांना ते जमलं नसतं.

आणि परकं यंत्र म्हणून नाक मुरडायचं, तर पेटीचं काय? तीही युरोपातूनच आली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती लागत नाहीत म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिला बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. गोविंदराव टेंब्यांची बोटं तोवर महाराष्ट्रानं ऐकलेली होती, तरीही! आज पेटीशिवाय आपलं नाट्यसंगीत होत नाही, आणि आपल्या मंडळात तानपुराही इलेक्ट्रॉनिकच असतो. त्याला कुणी अडवलेलं मला आठवत नाही.

आपल्यातले बरेचजण कँटनला राहतात. तिथून जवळच बेलव्हिल आहे. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तीन कृष्णवर्णीय तरुण तिथल्या शाळेत एकत्र आले. डेट्रॉइटमध्ये त्यांनी उभं केलेलं टेक्नो संगीत १९८८ पर्यंत इंग्लंडला पोचलं होतं. २००० साली सुरू झालेला त्याचा महोत्सव अजूनही मे महिन्यात हार्ट प्लाझात भरतो. आपण तेव्हा पाहुण्यांना नायगारा दाखवत असतो.

या हिवाळ्यात मी त्या मुलाच्या घरी गेलो, माफी मागायला म्हणा हवं तर. त्यानं १२ मिनिटांचा तुकडा ऐकवला. साताऱ्याच्या आजीकडून फोनवर रेकॉर्ड करून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, आणि खाली ताल. मी विचारलं, "आजीचा आवाज ठेक्यावर बसवायला किती वेळ लागला?" तो म्हणाला, "काका, बसवला नाहीच. आजी जिथे श्वास घेते तिथे ठेका थांबतो." जात्याची घरघर त्यानं खेड्यातून मागवली होती; ती मंद करून, तिच्यातला एक सूर आजीच्या षड्जाशी जुळवून, तोच खालचा ढोल केला होता. अकरा वेळा सगळं पुसून पुन्हा केलं म्हणे. अकरा वेळा पुसायला आमच्यात पगार देतात, तरी लोक कुरकुरतात.

आता या प्रकारात कचरा नसतो असं नाही. भरपूर असतो. विकतचे तुकडे जोडून दुपारी बनवलेलं गाणं मीही ऐकलं आहे, आणि हल्ली तर चार शब्द लिहिले की सबंध गाणंच तयार मिळतं. म्हणूनच समितीनं ऐकून नकार द्यावा. गायकाला आपण चाचणीला बोलावतो, नाटकवाल्यांची तालीम बघतो. या मुलाचं आम्ही एक मिनिटही ऐकलं नव्हतं. अर्जातला 'लॅपटॉप' हा शब्द वाचूनच निकाल दिला.

यंदाच्या गणपतीची यादी अजून ठरायची आहे. ऑगस्टअखेर तो कॉलेजला जाईल, म्हणून आधीच फोन करून विचारलं, समितीनं बोलावलं तर येशील का? जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "येईन काका, पण साउंडवाल्याला सबवूफर आणायला सांगा. तुमच्या स्पीकरवर आजी ऐकू येईल, जातं नाही येणार." चौकशी केली आहे. भाडं जास्त पडेल. ते मी देतो.