हायब्रीड टरबुजाचे बी राखू नका



ऊस तुटून गेला, खोडवा ठेवायचा नाही, अशा वावरात जानेवारी-फेब्रुवारीत टरबूज घालणारे सभासद आपल्याकडे आहेत. अडीच-तीन महिन्यांत पैसा हाती येतो, तेव्हा आमची त्याला ना नाही. आमचे म्हणणे आहे ते बियाण्याबद्दल. फळ गोड निघाले की त्याचे बी धुऊन, राखेत वाळवून पुढच्या साली लावायचे, असे बरेच जण करतात. पुड्यातले बी महाग पडते हे खरे. पण फळ हायब्रीडचे असेल तर ही काटकसर तोट्याची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही गफलत ऊस आणि केळीच्या सवयीमुळे होते. उसाची कांडी लावली की तोच ऊस, केळीचा कंद लावला की तीच केळी. आपला को ८६०३२ हासुद्धा को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निघाला. पण एकदा निवड झाल्यावर त्याची वाढ डोळ्यापासून होते, म्हणून गुण टिकतात. त्याच उसाच्या तुऱ्यातले बी पेरले तर रोपे एकसारखी निघणार नाहीत. टरबूज तर बियापासूनच येते. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या संकराची पहिली पिढी. तिचे बी लावले की आई-बापांचे गुण फुटून वेगवेगळे होतात. एका वेलीला गोल फळ, दुसरीला लांबट. एकाचा गर गोड, दुसऱ्याचा पाणचट. मग व्यापारी चार फळे कापून सगळ्या वावराचा भाव पाडतो. आम्ही घरच्या अर्ध्या एकरात हे भोगून बसलो आहोत.

घरचेच बी पाहिजे असेल तर सरळ वाण घ्यावा. शुगर बेबी हा तसा वाण आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का माणिक हाही तसाच. आयआयएचआर-२१ आणि अमेरिकेचा क्रिमसन स्वीट यांचा संकर करून, पुढे निवड करून तो काढला आहे. संकर एका सकाळी होतो. गुण पक्के व्हायला कित्येक पिढ्यांची निवड लागते.

ती निवड आपणही चालू ठेवावी. फळ पाहून नव्हे, वेल पाहून. निरोगी आणि भरपूर धरलेली वेल हेरावी. जिच्या मागे बारीक फळ दिसते ती मादी कळी. आदल्या सायंकाळी ती आणि त्याच वाणाच्या चांगल्या वेलीची नर कळी कागदी पिशवीत बांधावी, नाहीतर मधमाशी शेजारच्या हायब्रीडचे पराग आणते. सकाळी फुललेले नर फूल मादीवर हलके फिरवावे, पिशवी परत बांधावी, देठाला दोरा बांधून खूण करावी. पिकल्यावर गराच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकावा. तोडणीआधी उसाचा ब्रिक्स आम्ही ज्यावर बघतो, तेच यंत्र. १० च्या खाली भरले तर ते फळ खावे, बी राखू नये. असे पाच-दहा वेलींचे बी एकत्र करावे.

बाजारासाठी हायब्रीडच लावायचे असेल तर बी दर साली नवे घ्यावे. पावती आणि पुडा जपून ठेवावा. आणि प्रत्येक गावात एक-दोघा सभासदांनी जरी सरळ वाणाचे बी धरले, तरी गावाची गरज गावातच भागू शकेल. गट ऑफिसला आधी निरोप द्या, आम्ही रिफ्रॅक्टोमीटर घेऊन वावरात येतो.

— ऊस विकास अधिकारी